वीस डॉलरच्या वाटेवरचे नाके

14 एप्रिल 2017. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीचा दिवस. नागपूरच्या मानकापूर क्रीडा संकुलात पंतप्रधानांच्या हस्ते बक्षिसे दिली जात होती. नोटाबंदीनंतर लोकांनी रोखीऐवजी डिजिटल व्यवहार करावेत म्हणून केंद्र सरकारने ‘लकी ग्राहक योजना’ काढली होती. तिचे 1 कोटी रुपयांचे पहिले बक्षीस लातूरच्या एका तरुणीला लागले. तिने मोबाइलचा 1,590 रुपयांचा हप्ता रुपे कार्डाने भरला होता, एवढेच निमित्त.

त्याच जातीचे रुपे कार्ड घेऊन, नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या उमरेडमध्ये कोणी 20 डॉलरचे परदेशी सॉफ्टवेअर घ्यायला बसले, तर पडद्यावर बहुतेक वेळा एकच ओळ उमटते: तुमचे कार्ड नाकारण्यात आले आहे. कारण दिलेले नसते. पुढे काय करायचे तेही सांगितलेले नसते. खात्यात पैसे आहेत, कार्डाची मुदत शिल्लक आहे, कालच त्याच कार्डाने पेट्रोल भरले आहे, तरी नकार.

उमरेड म्हटले की वेस्टर्न कोलफील्ड्सची (वेकोलि) खुली कोळसा खाण आठवते, शेजारच्या भिवापूरची लाल मिरची आठवते, 2012 साली घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आठवते. पण या गावात आता आणखीही कामे चालतात. अभयारण्यात काढलेले वाघाचे फोटो कोणी घरच्या लॅपटॉपवर सुधारतो. कोणी पुण्याच्या कंपनीसाठी घरूनच प्रोग्रॅमिंग करते. कोणी शिकवणीचे तास व्हिडिओवर घेते. या कामांची अवजारे महिन्याच्या वर्गणीवर मिळतात आणि त्यांतली पुष्कळशी परदेशी कंपन्यांची असतात. सुताराला पटाशी विकत घेता येऊ नये, तसा हा प्रकार आहे. म्हणून हा नकार नेमका कुठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

दोन सेकंदांचा प्रवास

‘पैसे भरा’ या बटणावर बोट टेकले की कार्डाचा नंबर आधी विक्रेत्याच्या बँकेकडे जातो. तिथून तो व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यासारख्या जाळ्यात शिरतो. नंबराचे सुरुवातीचे आकडे पाहून जाळे ओळखते, की हे कार्ड कोणत्या बँकेचे आहे, आणि चौकशी त्या बँकेकडे पाठवते. बँक होकार किंवा नकार कळवते आणि तो त्याच वाटेने उलटा परततो. एवढे सगळे दोनतीन सेकंदांत उरकते.

बँकेचे हे उत्तर दोन आकड्यांचे असते. आयएसओ 8583 या आंतरराष्ट्रीय मानकात हे आकडे ठरलेले आहेत. 51 म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत. 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली. 57 म्हणजे या कार्डाला अशा व्यवहाराची परवानगीच नाही. 91 म्हणजे बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. आणि 05 म्हणजे नुसताच नकार, कारण न सांगता. विक्रेत्याकडे हा आकडा पोहोचतो, पण ग्राहकाला तो बहुधा दाखवला जात नाही. चोराला हाती लागलेले कार्ड पारखून पाहता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. प्रामाणिक ग्राहक मात्र त्यामुळे अंधारात राहतो आणि आपल्याच हातून काही चुकले असे समजून पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत बसतो. असे सारखे प्रयत्न झाले की बँकेच्या यंत्रणेला संशय येतो आणि चालू असलेले कार्डही तात्पुरते गोठू शकते.

उमरेडहून निघालेल्या 20 डॉलरना या वाटेत पाच नाके लागतात. प्रत्येक नाक्यावरचा शिपाई वेगळा आणि तो मागतो तो कागदही वेगळा.

पहिला नाका: कार्डाची जात

कार्डाचा पहिला आकडा पाहावा. 4 असेल तर ते व्हिसा. 5 किंवा 2 असेल तर बहुधा मास्टरकार्ड. 6 किंवा 8 असेल, किंवा सुरुवात 508 ने होत असेल, तर बहुधा रुपे.

रुपे हे भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, 2012 मध्ये सुरू केलेले जाळे. 28 ऑगस्ट 2014 रोजी जनधन योजना सुरू झाली आणि प्रत्येक खात्याबरोबर रुपे डेबिट कार्ड देण्याचे धोरण ठरले. 2023 च्या ऑगस्टपर्यंत अशा खात्यांनी 50 कोटींचा टप्पा ओलांडला. ज्यांच्या घरात पूर्वी पासबुकसुद्धा नव्हते त्यांच्या हाती कार्ड आले, ही मोठीच गोष्ट. सहकारी बँकांनीही आपल्या ग्राहकांना प्रामुख्याने रुपेच दिले. पण हे साधे रुपे देशांतर्गत वापरासाठी आहे. परदेशी विक्रेत्याच्या बँकेला ते ओळखताच येत नाही; चौकशी उमरेडच्या शाखेपर्यंत पोहोचतच नाही.

रुपेचे आंतरराष्ट्रीय कार्डही असते. डिस्कव्हर, जेसीबी अशा परदेशी जाळ्यांशी करार करून ते चालवले जाते. विक्रेता त्या जाळ्यांची कार्डे घेत असेल तर त्याच्याकडे ते चालू शकते. कार्डावर अशा भागीदार जाळ्याचे चिन्ह नसेल, तर परदेशी संकेतस्थळावर ते घालून पाहण्यात वेळ दवडू नये. शाखेत अर्ज करून व्हिसा किंवा मास्टरकार्डचे आंतरराष्ट्रीय डेबिट कार्ड मागावे. ते देणाऱ्या बँका नेहमीच्या बचत खात्यावरही देतात.

दुसरा नाका: बंद ठेवलेला स्विच

कार्ड व्हिसाचे आहे, तरी नकार. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे, आणि सगळ्यात लवकर सुटका होते तीही इथेच.

रिझर्व्ह बँकेने 15 जानेवारी 2020 रोजी एक परिपत्रक काढले. त्यानुसार 16 मार्च 2020 पासून प्रत्येक नवे किंवा बदलून दिलेले कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालेल, एवढेच सुरू करून द्यायचे. ऑनलाइन वापर, परदेशी वापर आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देणे, हे तिन्ही बंद. ज्याला हवे त्याने ते स्वतः सुरू करायचे. जुन्या कार्डांपैकी जी या कामांसाठी कधीच वापरली नव्हती, त्यांचीही ही सोय बंद करण्यात आली.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात गेले की ‘इंटरनॅशनल’ असा स्विच सापडतो. तो सुरू केल्यावर पुष्कळ जण थांबतात आणि इथेच चुकतात. कारण त्याखाली दुसरा स्विच असतो, ऑनलाइन खरेदीचा. आणि त्याच्याही खाली मर्यादेचा चौकोन असतो. ती मर्यादा शून्य असेल तर वरचे दोन्ही स्विच सुरू असूनही कार्ड चालत नाही. तिथे हवी तेवढीच रक्कम भरावी. 20 डॉलर द्यायचे असतील तर 3,000 रुपयांची मर्यादा पुरते. काम झाले की स्विच पुन्हा बंद करता येतो. ही सोय चोवीस तास खुली ठेवणे बँकेला बंधनकारक आहे. स्मार्टफोन नसेल तर एटीएम किंवा फोन बँकिंग असे मार्गही परिपत्रकात नमूद आहेत.

तिसरा नाका: न येणारा ओटीपी

भारतीय ग्राहकाला ओटीपीची इतकी सवय झाली आहे, की तो आला नाही तर काहीतरी बिघडले असे वाटते. ही सवय जुनी आहे. 1 ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी ओळख सक्तीची केली. त्या काळी अनेक देशांत कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर खरेदी होत असे.

2014 मध्ये यावरून मोठा वाद झाला. उबरची टॅक्सी भारतात धावत होती, प्रवासी भारतातला, चालक भारतातला. पण पैसे परदेशी गेटवेतून जात असल्यामुळे ओटीपी लागत नव्हता. 22 ऑगस्ट 2014 रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की असे देशांतर्गत व्यवहार परदेशातून वळवून ओटीपी चुकवता येणार नाही. उबरला भारतात आपली पद्धत बदलावी लागली.

परदेशी विक्रेत्याला मात्र ही सक्ती नव्हती. त्यामुळे त्याच्याकडून आलेली चौकशी बहुधा ओटीपीशिवाय येते. काही बँका ती मान्य करतात, काही जोखीम नको म्हणून थेट परत पाठवतात. एकाच घरात वडिलांचे कार्ड चालते आणि मुलाचे चालत नाही, याचे एक कारण हे. आता यातही बदल होतो आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनुसार, परदेशी विक्रेत्याने दुसऱ्या ओळखीची मागणी केली तर ती पडताळण्याची व्यवस्था भारतीय बँकांनी 1 ऑक्टोबर 2026 पर्यंत उभी करायची आहे. ही तरतूद एकेकट्या व्यवहारांसाठी आहे, दरमहा आपोआप होणाऱ्या वजावटीसाठी नाही.

चौथा नाका: दरमहाची वजावट

पहिला महिना सुरळीत जातो आणि दुसऱ्या महिन्यात सेवा बंद पडते. हा अनुभव 1 ऑक्टोबर 2021 नंतर देशभर घराघरांत आला.

त्या दिवसापासून रिझर्व्ह बँकेचा ई-मॅन्डेटचा नियम पूर्णपणे लागू झाला. कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायचे असतील तर ग्राहकाने सुरुवातीला ओटीपी देऊन तशी नोंदणी करायची. प्रत्येक वजावटीच्या किमान 24 तास आधी बँकेने त्याला कळवायचे. त्याला नको असेल तर त्याने ती थांबवायची. नियम देशातल्या आणि परदेशातल्या दोन्ही विक्रेत्यांसाठी होता. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी 2,000, मग 5,000 आणि जून 2022 पासून 15,000 रुपये झाली.

नियमामागे कळकळ होती. मोफत चाचणी म्हणून घेतलेली सेवा विसरली जायची आणि महिनोन्‌महिने पैसे कापले जायचे. बँकेत विचारायला गेले तर विक्रेत्याला विचारा म्हणून सांगितले जायचे. ग्राहकाच्या हाती लगाम आला तो या नियमामुळे. पण त्यासाठी विक्रेत्याने भारतीय बँकांच्या व्यवस्थेशी स्वतःला जोडून घेणे गरजेचे होते. मोठ्या कंपन्यांनाही ते जड गेले. ॲपलने तर 2022 मध्ये ॲप स्टोअरवर भारतीय डेबिट आणि क्रेडिट कार्डे घेणेच थांबवले आणि ग्राहकांना यूपीआय, नेट बँकिंग किंवा खात्यात आधी भरलेली शिल्लक हे मार्ग दिले. छोट्या परदेशी विक्रेत्यांनी तेवढेही केले नाही. त्यांच्याकडून आलेली दुसऱ्या महिन्याची मागणी बँक परत पाठवते, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच असते.

अशा विक्रेत्याकडे वार्षिक वर्गणीचा पर्याय असेल तर तो पाहावा. वर्षातून एकदा, स्वतः बसून पैसे भरले की दरमहाची अडचण उरत नाही.

पाचवा नाका: पत्ता आणि पिनकोड

आता विक्रेत्याची स्वतःची तपासणी. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये कार्डाबरोबर पत्त्यातले आकडे पडताळण्याची पद्धत आहे. अमेरिकी अर्जात झिप कोड मागितला जातो, आणि तो पाच आकडी. उमरेडचा पिनकोड 441203, म्हणजे सहा आकडी. काही अर्ज सहावा आकडा स्वीकारतच नाहीत.

हा सहा आकडी पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची देणगी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी असलेल्या वेलणकरांच्या आखणीनुसार 15 ऑगस्ट 1972 रोजी ही पद्धत सुरू झाली. पहिला 4 हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा. पुढच्या आकड्यांनी जिल्हा आणि टपाल कार्यालय जवळ येत जाते. देशभर पत्र बिनचूक पोहोचवणारा हा आकडा परदेशी अर्जात अडतो, तेव्हा आधी देशाच्या रकान्यात ‘भारत’ निवडले आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा देश बदलताच सहा आकड्यांची जागा मोकळी होते.

इथे एक मोह होतो: व्हीपीएन लावून अमेरिकेत असल्याचे दाखवायचे आणि तिथला कुठलातरी पत्ता टाकायचा. कार्ड भारतीय, जागा अमेरिकेची आणि पत्ता तिसराच. विक्रेत्याच्या यंत्रणेला चोरीचे कार्ड जसे दिसते तसेच हे दिसते. नकार तर मिळतोच, शिवाय खाते कायमचे बंद होण्याची भीती असते.

डॉलर मोजणारा देश

या नाक्यांच्याही मागे एक जुना इतिहास आहे. परकीय चलन ही आपल्या देशात दीर्घकाळ जपून वापरायची वस्तू होती. बाहेरचे पुस्तक मागवायचे तर पैसे कसे पाठवायचे, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरच्या पिढ्यांपुढेही होता. चलनटंचाई असलेल्या देशांतल्या वाचकांना आणि संस्थांना परदेशी पुस्तके घेता यावीत म्हणून युनेस्कोने 1948 च्या सुमारास खास कूपन योजना काढली होती: स्थानिक चलनात कूपन घ्यायचे आणि ते परदेशी विक्रेत्याला पाठवायचे. 1991 मध्ये तर देशाला सोने गहाण ठेवून परकीय चलन उभे करावे लागले. 1973 चा ‘फेरा’ हा कडक परकीय चलन कायदा जाऊन 1 जून 2000 पासून ‘फेमा’ आला. 2004 मध्ये व्यक्तीला वर्षाला 25,000 डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा मिळाली. आज ती 2,50,000 डॉलर आहे. त्यामुळे महिन्याच्या 20 डॉलरला कायद्याची आडकाठी नाही. एप्रिल 2025 पासून अशा पाठवणीवरची करवसुलीही वर्षाला 10 लाख रुपयांच्या पुढेच सुरू होते. लॉटरीची तिकिटे आणि घोड्यांच्या शर्यतींसारख्या पैजांचे पैसे मात्र बाहेर पाठवता येत नाहीत. परवानगी नसलेल्या विदेशी चलन व्यापाराच्या ॲपांची इशारा-यादीही रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते.

20 डॉलरचे खरे किती

हिशेबासाठी डॉलर 90 रुपयांचा धरू. 20 डॉलर म्हणजे 1,800 रुपये, असे समजून कोणी खात्यात 2,000 रुपये ठेवले, तर नकार ठरलेलाच. कारण परदेशी डिजिटल सेवेवर 1 जुलै 2017 पासून 18 टक्के जीएसटी आहे. तो लागला की किंमत 23.60 डॉलर, म्हणजे 2,124 रुपये होते. त्यावर बँक चलन बदलण्याचा आकार घेते. तो साडेतीन टक्के असेल तर 74 रुपये 34 पैसे. त्या आकारावर पुन्हा 18 टक्के जीएसटी, 13 रुपये 38 पैसे. एकूण 2,211 रुपये 72 पैसे. बँकेचे उत्तर 51, ग्राहकाला दिसते ते फक्त ‘नाकारले’, आणि कमी होते ते सव्वादोनशेच्या आतले पैसे.

रुपयांनी भरण्याचे मार्ग

डॉलरमध्ये भरण्याआधी विक्रेता रुपयांत किंमत सांगतो का, हे पाहणे सगळ्यात शहाणपणाचे. एनपीसीआयने जुलै 2020 मध्ये ‘यूपीआय ऑटोपे’ आणले. यूपीआयच्या पिनने एकदा मंजुरी दिली की दरमहा रक्कम खात्यातून जाते, आणि मॅन्डेट आपल्याच यूपीआय ॲपमध्ये दिसतो, थांबवता येतो. यात रुपे की व्हिसा हा प्रश्नच येत नाही. नेटफ्लिक्सने हा मार्ग घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये ओपनएआयने ‘चॅटजीपीटी गो’ भारतात महिना 399 रुपयांना आणले तेव्हा सुरुवातीपासूनच यूपीआयने पैसे घेतले. अनेक सेवा गुगल प्ले स्टोअरमधून घेतल्या तर तिथेही यूपीआय चालते. फक्त संकेतस्थळावरची आणि ॲपमधली किंमत ताडून पाहावी.

पगारपत्रक नसलेल्या विद्यार्थ्याला किंवा छोट्या व्यावसायिकाला आणखी एक वाट आहे. अनेक बँका मुदत ठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड देतात. ठेवीवर व्याज चालू राहते आणि आंतरराष्ट्रीय कार्ड हाती येते. बिल मात्र मुदतीत भरायला हवे.

विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातही विचारावे. केंद्र सरकारच्या ‘एक देश, एक सबस्क्रिप्शन’ योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके जानेवारी 2025 पासून केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. ज्या शोधनिबंधासाठी कोणी डॉलर शोधत असेल, तो कदाचित ग्रंथालयाच्या लॉगिनवर फुकट वाचता येईल.

टाळायची आणखी एक वाट आहे, आणि ती सगळ्यात सोपी दिसते. मेसेजिंग ॲपवर कोणी अनोळखी ‘एजंट’ निम्म्या किमतीत खाते देतो म्हणतो, किंवा परदेशी कार्ड काढून देतो म्हणून आधारचा फोटो मागतो. असे खाते अनेकदा दुसऱ्याच्या चोरलेल्या कार्डावर चाललेले असते. पैसे गेलेच तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. कार्डाचा अनधिकृत वापर तिसऱ्याच पक्षाच्या हातून झाला असेल आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार नोंदवली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाने ग्राहकावर भार पडत नाही. बँकेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; त्याचा माहिती क्रमांक 14448.

हे सगळे शाखेच्या भिंतीवर, मराठीत, अर्ध्या पानात मावेल. पहिला आकडा कोणता, दोन्ही स्विच सुरू आहेत का, मर्यादा किती, विक्रेता रुपयांत घेतो का, खात्यात सव्वापट पैसे आहेत का. काउंटरवरच्या माणसालाही हे पाच प्रश्न विचारता आले, तर उमरेडच्या पोराला नागपूरची बस धरावी लागणार नाही.

समजा, त्याने हे सगळे तपासले. जनधनचे कार्ड बाजूला ठेवले, रुपयांत किंमत असलेली महिना 399 ची सेवा निवडली, देश भारत, पिनकोड 441203, आणि यूपीआयचा पिन टाकला. या वेळी पडद्यावर हिरवी खूण आली. पुढच्या महिन्यात, वजावटीच्या आदल्या दिवशी, त्याच्या फोनवर संदेश येईल: उद्या 399 रुपये कापले जातील. परीक्षा जवळ आली असेल आणि ते सॉफ्टवेअर महिनाभर उघडायचे नसेल, तर तो यूपीआय ॲपमध्ये जाईल, मॅन्डेट थांबवेल आणि अभ्यासाला बसेल.